अंगणवाडीचा स्लॅब सुटतोय

प्रश्न : आमच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या छताचे पोपडे पडतात, सळ्या दिसू लागल्यात. समुद्र जवळच आहे. ठेकेदार म्हणतो, वरून वॉटरप्रूफिंग करतो, आतून प्लास्टर मारून रंग देतो. एवढ्यावर भागेल का? नवी बांधायची तर पैसे कुठून आणावेत?
– ग्रामपंचायत सदस्या, गुहागर तालुका

उत्तर : भागणार नाही. त्या खोलीत मुलं बसवणं आजच थांबवा. शाळेतली रिकामी खोली किंवा समाजमंदिर मागून घ्या.

खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमधून सळीपर्यंत पोचले की ती गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. प्लास्टरने तो झाकला जातो, थांबत नाही. पुढच्या वेळी अंगावर येतो तो आणखी जाड थर. माणसाने डोक्यावर हेल्मेट घालून छत हातोडीने ठोकून बघावं आणि बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण करावी. खुणा थोड्या असतील तर टेकू देऊन तेवढा भाग सळीच्या मागे बोटभर जाईपर्यंत फोडायचा, सळी तारेच्या ब्रशने घासून लख्ख करायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टरने भरायचं. सळी चौथाईने झिजली असेल तर जोडसळी लागते. ते इंजिनिअरने ठरवावं. निम्म्या छतावर खुणा निघाल्या तर आमच्या मते दुरुस्तीत पैसा घालू नये.

नवीन बांधताना जांभ्याच्या भिंतींची काळजी कमी, स्लॅबची जास्त. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेला उघडं काँक्रीट किमान एम 30 प्रतीचं लागतं आणि सळीवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर. प्रत्यक्षात सळीखाली खडीचा तुकडा सरकवतात आणि कव्हर जेमतेम 15 मिलिमीटर उरतं. सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळीखाली ठेवायचे ठोकळे, मोजून लावून घ्या. खाडीची वाळू आणि मचूळ विहिरीचं पाणी नकोच. जोतं दोन फूट उंच ठेवा आणि पागोळ्या भिंतीवर येणार नाहीत इतकी रुंद पडवी काढा.

पैशांचं म्हणाल तर 2022 च्या सक्षम अंगणवाडी व पोषण 2.0 च्या सूचनांत एका इमारतीला 12 लाख धरले होते : 8 लाख मनरेगातून, 2 लाख पंधराव्या वित्त आयोगातून, 2 लाख महिला व बालविकासकडून. आता काय लागू आहे ते बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना विचारून मगच अंदाजपत्रक करा, आणि घाटीच्या वाटेने माल चढवण्याचा खर्च त्यात धरायला विसरू नका. किरकोळ दुरुस्तीला ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा 10 टक्के वाटा आहेच.

आपल्याकडे काम अडतं ते पैशापेक्षा सातबाऱ्यावर. एका भावाने तोंडी जागा दिली, बाकीचे हिस्सेदार मुंबईला. ते गणपतीला गावी येतात, तेव्हाच सगळ्यांच्या सह्यांनी बक्षीसपत्र नोंदवून घ्या. ग्रामसभेचा ठराव, मग तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता. नोव्हेंबरात पाया खणला तर मार्चपर्यंत स्लॅब ओतून होतो आणि पावसाआधी त्याला नीट पाणी मारता येतं.

प्रश्न : अंगणवाडीच्या अंगणात दोन माड आहेत. तोडावेत का?
– अंगणवाडी सेविका, मालवण तालुका

उत्तर : तोडू नका, पण मुलांची खेळायची जागा झापांच्या घेराबाहेर न्या. दर दीड महिन्याने पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) बोलावून तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्या, तेही सुट्टीच्या दिवशी. दाराची वाट माडाखालून जात असेल तर ती वळवा. वळवता येत नसेल तर वाटेवर नायलॉनची मजबूत जाळी बांधा. नायलॉन उन्हाने कुजतं, म्हणून पावसाळ्याआधी दरवर्षी ती हाताने ताणून बघा.