घरच्या क्रीमला पाणी का सुटतं?

प्रश्न : ताई, मी घरी खोबरेल, बदाम तेल, मधमाश्यांचं मेण आणि गुलाबपाणी घेऊन क्रीम केलं. पहिल्या दिवशी अगदी लोण्यासारखं झालं होतं. चौथ्या दिवशी कडेने पाणी सुटलं आणि तिसऱ्या आठवड्यात झाकणाला आतून काळे ठिपके आले. टिकावं म्हणून ‘ई’ जीवनसत्त्वाच्या दोन कॅप्सूलही घातल्या होत्या. दिवाळीत बचत गटाच्या स्टॉलवर ठेवायचा विचार आहे. कुठे चुकलं? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी ती डबी टाकून द्या. ठिपके पुसून उरलेलं वापरू नका; बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते. आईच्या टाचांसाठी मी केलेलं क्रीम असंच बिघडलं होतं. त्यात कोरफडीचा ताजा गर होता. आठव्या दिवशी आंबूस वास आला, तोवर ती रोज ते उघड्या भेगांना लावत होती. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

तुमचं मेण चुकलं. मेणाने क्रीम घट्ट होतं, पण तेल आणि पाणी बांधलं जात नाही. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेणासोबत टाकणखार (बोरॅक्स) असायचा. त्याने मेणातल्या आम्लाचा साबण व्हायचा आणि तो साबण दोघांना धरून ठेवायचा. आता त्यासाठी इमल्सिफाइंग वॅक्स मिळतं, तेच आणा.

१०० ग्रॅमसाठी : डिस्टिल्ड वॉटर ६८, ग्लिसरीन ३, बदाम तेल २०, इमल्सिफाइंग वॅक्स ६, सीटाइल अल्कोहोल (क्रीम घट्ट करणारा मेणासारखा पदार्थ) २, प्रिझर्व्हेटिव्ह १. सगळं वजनाने, चमच्याने नाही. खोबरेल मी मुद्दाम वगळलंय; ते २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, थंडीत क्रीमचा पोत बदलतो.

पाणी-ग्लिसरीन एका भांड्यात आणि तेल-वॅक्स-सीटाइल दुसऱ्यात घेऊन दोन्ही भांडी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. दोन्ही ७०-७५ अंशांवर आली की एकत्र करा. गुलाबपाणी तुम्ही थंडच ओतलं असणार, त्याने मेण जागच्या जागी थिजतं. हँड ब्लेंडर थांबून थांबून फिरवा. मिश्रण दुधासारखं पांढरं होईल, पण तेवढ्यावर सोडू नका. निवेपर्यंत ढवळत राहा. चमच्याची रेघ उमटून राहायला लागली की जमलं.

‘ई’ जीवनसत्त्व तेल खवट होऊ देत नाही, जंतूंना मात्र अडवत नाही. जिथे पाणी आहे तिथे प्रिझर्व्हेटिव्ह हवंच, फ्रिजमध्ये ठेवलं तरी. फिनॉक्सिएथेनॉल असलेलं घ्या, बाटलीवरचं प्रमाण ओलांडू नका आणि मिश्रण ४० अंशांखाली आल्यावरच घाला. प्रिझर्व्हेटिव्ह नकोच असेल तर पाणीही नको : २० ग्रॅम मधमाश्यांचं मेण ८० ग्रॅम तेलात वितळवून बाम करा आणि त्यात ओलं बोट घालू नका.

स्टॉलचं म्हणाल तर यंदा नको. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, बचत गटालाही. आणि वास-ठिपके नसले तरी जंतू असू शकतात, ते प्रयोगशाळेतच कळतं.

घरच्यासाठी मात्र नक्की करा. तीन छोट्या डब्या भरा : एक फ्रिजमध्ये, एक कपाटात, एक स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात. महिनाभर दर रविवारी उघडून कडेला पाणी दिसतंय का बघा, आणि कोणत्या डबीतल्या क्रीमला कधी पाणी सुटलं ते मला कळवा.