शुगर माझी, पण एकटीने किती सांभाळू?

प्रश्न: मी ४६ वर्षांची, सांगलीची. टाइप टू डायबेटिस होऊन ४ वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत तरी एचबीएवनसी ९.२ आलाय. घरी सगळ्यांचं करता करता माझं जेवण ३ वाजता होतं, वर कोणी म्हणतं एक पेढा खाल्ल्याने काय होतंय, आणि रिपोर्ट वाढला की तेच म्हणतात तूच पथ्य पाळत नाहीस. आता तपासायचीच भीती वाटते, रडू येतं. कोणाशी बोलू?

उत्तर: ताई, आधी एक सांगते, हा तुमचा आळस नाही. हा आजार वर्षं जातील तसा स्वतःच पुढे सरकतो, त्यामुळे आधी पुरणारी गोळी नंतर कमी पडू शकते, म्हणून रिपोर्ट लपवू नका, डॉक्टरांना दाखवून औषध बदलायचं का ते स्पष्ट विचारा. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण ३ महिन्यांची सरासरी, एका पेढ्याचा निकाल नव्हे, आणि बहुतेकांना ७ च्या खाली आणायचं असतं पण ते हळूहळूच.

घरच्यांना "मला मदत करा" असं मोघम सांगून काही होत नाही हो, नेमकं मागा. १ वाजता माझं ताट वाढलं जाईल, रात्री जेवल्यावर १५ मिनिटं कोणीतरी माझ्यासोबत चालेल, एवढंच. पुढच्या अपॉइंटमेंटला नवऱ्याला सोबत न्याच, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं वेगळं पोचतं.

आणि रडू येतंय ते दाबू नका, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डोळे आणि पाय या वर्षी तपासले नसतील तर तेही याच महिन्यात करून घ्या.