लाभ सर्वांचा, खर्च एकाचा: वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची आहेत: तीन-चार जणांच्या डावात सर्वांनाच काही ना काही देणारी कार्डे खेळावीत का, आणि खेळली तर त्यांतून आपला लाभ कसा साधावा. बहुतेकांनी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाच्या कमांडर प्रकाराविषयी विचारले आहे, म्हणून उत्तरेही मुख्यतः त्याच्याच आधाराने दिली आहेत. ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, यात डेक शंभर कार्डांचा असतो, मूळ प्रकारची लँड (‘माना’, म्हणजे इतर कार्डे खेळण्यासाठी खर्चायची ऊर्जा, पुरवणारी कार्डे) वगळता कोणतेही कार्ड एकदाच घेता येते, प्रत्येकाची सुरुवात ४० लाइफवर (जीवनगुणांवर) होते, टेबलावर बहुधा चौघे असतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो.

प्रश्न: माझ्या डेकमध्ये ‘हाउलिंग माइन’ आहे. त्यामुळे चौघांनाही सारखेच एक जादा कार्ड मिळते, तरीही ते टेबलावर आले की मी हरतो, असा अनुभव आहे. वाटप समान असताना तोटा मलाच का व्हावा?

हाउलिंग माइन १९९३च्या पहिल्याच संचातले आहे. दोन माना खर्चून ते टेबलावर येते आणि प्रत्येक खेळाडूला त्याच्या पाळीत कार्ड उचलण्याच्या वेळी एक कार्ड जादा देते. वाटप समान आहे हे खरे, पण खर्च समान नाही आणि क्रमही समान नाही. हातातले एक कार्ड आणि दोन माना तुम्ही वेचल्यात; इतर तिघांनी काहीच वेचले नाही. त्यातच तुम्ही हे कार्ड खेळता ते त्या पाळीतले कार्ड उचलून झाल्यावर, त्यामुळे तुमच्यानंतरचे तिघे आधी लाभ घेतात आणि मग फेरी तुमच्याकडे येते. तुमच्या वाट्याला आलेले पहिले जादा कार्ड केवळ माइनची भरपाई करते. खरा नफा दुसऱ्या फेरीत सुरू होतो, आणि तोपर्यंत इतर प्रत्येकाला दोन-दोन कार्डे फुकट मिळालेली असतात. मधल्या काळात कोणी माइन नष्ट केले तर हिशेब आणखी बिघडतो. आणि नष्ट करणाराही आपले जादा कार्ड उचलून झाल्यावरच ते करणार, हे सांगायला नको.

म्हणून ‘सर्वांना सारखे’ या शब्दांवर विसंबू नये. जादा कार्ड ज्याला लगेच वापरता येते त्याच्यासाठी ते मोलाचे असते. स्वस्त कार्डांचा डेक एका पाळीत तीन कार्डे खेळून मोकळा होतो, तर सहा-सात मानांच्या मोठ्या क्रीचरांचा (हल्ला व बचाव करणाऱ्या प्राण्यांच्या कार्डांचा) डेक तीच कार्डे हातात धरून बसतो. तुमचा डेक टेबलावर सर्वांत जड असेल तर माइन खेळून तुम्ही इतर तिघांचाच वेग वाढवता. दोन खेळाडूंच्या डावात हा अंदाज एकाच प्रतिस्पर्ध्याविषयी बांधावा लागतो. चौघांत मात्र तिघांपैकी एकाचा डेक जरी तुमच्यापेक्षा चपळ निघाला, तरी माइन त्याच्यासाठी खेळल्यासारखे होते.

या कार्डाच्या मजकुरातली एक अट मात्र अनेक जण वाचूनही विसरतात: माइन आडवे, म्हणजे टॅप केलेले, असेल तर कोणालाच जादा कार्ड मिळत नाही. ‘आयसी मॅनिप्युलेटर’ हेही त्याच पहिल्या संचातले कार्ड. एक माना देऊन ते स्वतः टॅप होते आणि एखादे आर्टिफॅक्ट (वस्तूचे कार्ड, जसे माइन), क्रीचर किंवा लँड टॅप करते. आपले कार्ड उचलून झाल्यावर याच्या मदतीने स्वतःचेच माइन टॅप करावे. मग ते आपल्या पुढच्या पाळीच्या आरंभी सरळ होईपर्यंत बंद राहते, आणि तिघांपैकी कोणालाही काही मिळत नाही. चौघांच्या डावात ही जोडी दोघांच्या डावापेक्षा अधिक किफायतशीर ठरते, कारण एकच माना तिघांना अडवतो.

टॅप करण्याची वेळ पुढे ढकलली तर लाभ कोणापर्यंत पोहोचावा हेही ठरवता येते. शेवटच्या खेळाडूच्या पाळीच्या आरंभी, त्याने कार्ड उचलण्याआधी, माइन टॅप केले तर पहिल्या दोघांना कार्ड मिळते आणि तोच वगळला जातो. उलट, तुमच्या लगेच नंतरच्या खेळाडूला मात्र एकट्याला वगळता येत नाही, कारण त्याच्यासाठी बंद केलेले माइन पुढच्या दोघांसाठीही बंदच राहते. सौदा करायचा असेल तर तो कोणाशी शक्य आहे, हे अशा रीतीने बसण्याच्या क्रमावरूनच ठरते.

प्रश्न: मी सर्वांना कार्डे देते, लँड देते, तरी पहिला हल्ला माझ्यावरच होतो. निदान ज्यांना मदत केली त्यांनी तरी मला वाचवावे, ही अपेक्षा चुकीची आहे का?

अपेक्षा चुकीची नाही, पण तुम्ही देत असलेला लाभ ती पूर्ण होण्याजोगा नाही. टेबलावर एकदा ठेवलेले आणि आपोआप चालणारे कार्ड तुमची मर्जी विचारत नाही. तुम्ही हरून डावाबाहेर जाईपर्यंत ते सर्वांना देतच राहते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर कोणालाही ते तुमचे वाटत नाही. गावातल्या सार्वजनिक विहिरीचे पाणी भरताना ती खणणाऱ्याची आठवण कोणी काढत नाही, तसेच हे. शिवाय तुम्ही दिलेल्या कार्डांतूनच तिघांचे सैन्य उभे राहते, आणि ज्याने बचावाऐवजी वाटपावर माना खर्च केला त्याची बाजू त्या वेळी उघडी असते. हल्ला करणारा कृतघ्न असतो असे नाही. त्याला सोपे लक्ष्य दिसलेले असते.

याउलट १९९६च्या ‘फेल्डाग्रिफ’चा विचार करा. हे चार मानांचे क्रीचर आहे आणि त्याच्या तीन क्षमतांना प्रत्येकी एकच माना लागतो. हिरवा माना दिला तर ते अडवणाऱ्यांना तुडवून पुढे नुकसान करू शकते आणि तुम्ही निवडलेल्या प्रतिस्पर्ध्याला पाणघोड्याचे एक छोटे क्रीचर मिळते. पांढरा दिला तर ते उडते आणि निवडलेल्या प्रतिस्पर्ध्याला २ लाइफ मिळतात. निळा दिला तर ते हातात परत येते आणि निवडलेला प्रतिस्पर्धी एक कार्ड उचलू शकतो. यातला ‘निवडलेल्या’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. दर वेळी कोणाला द्यायचे हे तुम्ही ठरवता, दुसऱ्याच्या पाळीतही देऊ शकता, आणि तुम्ही डावाबाहेर गेलात की देणेही थांबते. ‘त्याच्यावर हल्ला केलास तर तुला दोन पाणघोडे’ हे वाक्य हाउलिंग माइनच्या जोरावर बोलता येत नाही. माझे स्पष्ट मत असे की, राजकारण करायचे असेल तर डेकमध्ये आपोआप वाटणारी कार्डे कमी ठेवावीत आणि निवडून देता येणारी वाढवावीत.

बोलून केलेल्या सौद्यांविषयी एक खुलासा करणे आवश्यक आहे. मॅजिकचे नियम असा सौदा पाळायला कोणालाही भाग पाडत नाहीत. म्हणून सौदा छोटा असावा, त्याची मुदत स्पष्ट असावी आणि शक्यतो तुम्ही द्यायचे ते शेवटी द्यावे. ‘माझ्यावर हल्ला करू नकोस’ यापेक्षा ‘तुझ्या पुढच्या पाळीत माझ्यावर हल्ला केला नाहीस, तर ती पाळी संपताना तुला एक कार्ड’ हे बरे.

हाच प्रश्न ‘व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल’ या खेळाने आपल्या रचनेतच सोडवला आहे. मॅजिकच्याच निर्मात्याने तयार केलेला हा खेळ १९९४मध्ये आला आणि तो आरंभापासून अनेकांनी खेळण्यासाठीच आहे. त्यात तुमच्या डावीकडचा खेळाडू तुमची शिकार आणि उजवीकडचा तुमचा शिकारी असतो. शिकारीला बाद केले की १ विजयगुण आणि ६ पूल (डावात टिकून राहण्यासाठी लागणारे गुण) मिळतात. शिकाऱ्याच्या शिकाऱ्याला मदत करणे तिथे स्वाभाविक ठरते, कारण तो तुमच्या मागे लागलेल्यालाच दमवतो. मात्र ती मदत प्रमाणाबाहेर गेली आणि त्याने तुमच्या शिकाऱ्याला बादच केले, तर तो ६ पूल घेऊन स्वतः तुमचा शिकारी होतो. मदत किती करावी याची मर्यादा तिथे बसण्याच्या जागेवरून कळते. कमांडरमध्ये ती दर फेरीला नव्याने ठरवावी लागते.

प्रश्न: ‘टेम्प्ट विथ डिस्कव्हरी’ कोणी खेळले की टेबलावर ‘कोणीही घेऊ नका’ असा गलका होतो. पण मला लँड हवी असते. घ्यावी की नाही?

२०१३च्या कमांडर डेकांमध्ये असे आमिष दाखवणाऱ्या कार्डांची एक मालिकाच आली होती, आणि तिच्यातले हे कार्ड सर्वांत फसवे आहे. ते खेळणारा आपल्या डेकमधून कोणतीही एक लँड शोधून टेबलावर ठेवतो. मग प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला तसेच करण्याची मुभा असते, आणि जितके प्रतिस्पर्धी शोधतील तितक्या आणखी लँड खेळणाऱ्याला मिळतात.

हिशेब करून पाहा. कोणीच घेतली नाही तर त्याला १ आणि तुम्हाला शून्य, म्हणजे फरक एकाचा. तुम्ही एकट्यानेच घेतली तर त्याला २ आणि तुम्हाला १, फरक पुन्हा एकाचाच. इतर दोघांनी घेतली आणि तुम्ही नाकारली तर त्याला ३ आणि तुम्हाला शून्य. तुम्हीही घेतलीत तर त्याला ४ आणि तुम्हाला १. दोन्ही वेळा फरक तीनच. तुमच्या एकट्याच्या निर्णयाने त्याच्याशी असलेले अंतर कधीच बदलत नाही, आणि नकार देऊन तुम्ही इतर दोघांच्या मात्र मागे पडू शकता. म्हणून प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणाचाच निर्णय घेतो आणि तिघांच्या शहाणपणातून चौथ्याला चार माना खर्चून चार लँड मिळतात.

गलका करणारे त्यामुळे चूक नाहीत, पण गलका पुरेसा नाही. निर्णय पाळीच्या क्रमाने जाहीर होतात, त्यामुळे तुम्ही तिघांत शेवटचे असाल तर आधीच्या दोघांनी काय केले हे पाहूनच ठरवता येते. दोघांनी नाकारले असेल तर तुम्हीही नाकारा, कारण त्या दोघांशी असलेला विश्वास एका लँडपेक्षा पुढे जास्त उपयोगी पडेल. एकाने जरी घेतली असेल तर संकोच न करता घ्या. अपवाद एकच: खेळणाऱ्याच्या डेकमध्ये दर नव्या लँडमागे काही मिळवून देणारी कार्डे असतील, तर त्याच्या बाजूची एक लँड आणि तुमची एक लँड यांची बरोबरी होत नाही, आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. अशा वेळी नकारच बरा.

प्रश्न: सर्वांना कार्डे देणारा खेळाडू मनात काही वेगळेच योजत आहे हे कसे ओळखावे?

त्याचे रंग आणि मोकळे ठेवलेले माना पाहावेत. निळा व काळा धरून चार माना राखलेले असतील तर ‘नोशन थीफ’ची शंका घ्यावी. ते कोणाच्याही पाळीत अचानक उतरते, आणि तुमच्या पाळीतले नेहमीचे पहिले कार्ड सोडून तुम्ही उचलाल ते प्रत्येक कार्ड त्याच्याकडे वळवते. ‘कॉन्सिक्रेटेड स्फिंक्स’ दुसऱ्याने उचललेल्या प्रत्येक कार्डामागे आपल्या मालकाला दोन उचलू देते. ‘नेकुसार’ सर्वांना जादा कार्ड देतो, पण प्रतिस्पर्ध्याने उचललेल्या प्रत्येक कार्डामागे त्याचे एक लाइफ घेतो. निदान तो ते उघडपणे करतो.

प्रश्न: मला जिंकण्याची फारशी हौस नाही. सर्वांचे डेक नीट चालावेत म्हणून मी वाटप करतो. तरी मित्र म्हणतात की मी डाव बिघडवतो. का?

तुमचे मित्र बरोबर आहेत, असे मला वाटते. जिंकायचे नसलेल्या खेळाडूच्या देण्यामुळेही कोणीतरी जिंकतोच, आणि तो सहसा आधीच पुढे असलेला किंवा जादा कार्डांचा सर्वांत चांगला उपयोग करणारा असतो. इतर दोघांना मग आपण त्याच्याकडून हरलो की तुमच्या औदार्यामुळे हरलो, हे कळेनासे होते. शिवाय तुम्हाला धाक कशाचाच नसल्यामुळे तुमच्याशी सौदाही करता येत नाही. डेकमध्ये जिंकण्याचा एक तरी मार्ग ठेवा, मग तो कितीही संथ असो. २०११चे ‘झेड्रू द ग्रेटहार्टेड’ यासाठी चांगले आहे: तुमच्या मालकीची जितकी कार्डे इतरांच्या ताब्यात टेबलावर असतील, तितके लाइफ आणि तितकी कार्डे तुम्हाला दर पाळीला मिळतात. देणे तसेच राहते, पण त्याला हेतू येतो.

प्रश्न: ‘माइंड्स अग्लो’ खेळल्यावर इतरांनी माना भरावा म्हणून काय करावे?

हे कार्डही २०११च्याच कमांडर डेकांमधले. तुमच्यापासून सुरुवात करून प्रत्येक जण हवा तेवढा माना भरतो, आणि भरलेल्या एकूण मानाइतकी कार्डे प्रत्येकाला मिळतात, न भरणाऱ्यालाही. फुकट मिळत असताना कोणी भरत नाही, म्हणून वेळ साधावी लागते. ज्यांनी आपल्या पाळीत सगळा माना संपवला आहे ते इच्छा असूनही भरू शकत नाहीत. ज्यांचा माना शिल्लक आहे त्यांच्यासाठी तो पुढच्या पाळीआधी वाया जाणारच असतो, हे त्यांच्या ध्यानात आणून द्यावे. स्वतः आधी भरघोस भरावे. तुम्ही एक भरून इतरांकडे पाहत बसलात तर तेही एकच भरतील.

आणि हे करण्याआधी हातातल्या कार्डांची मर्यादा सांभाळावी. हे कार्ड तुम्ही आपल्याच पाळीत खेळता, त्यामुळे पाळी संपताना सातपेक्षा जास्त कार्डे असतील तर पहिल्यांदा तुम्हालाच टाकावी लागतात, तर इतर तिघांना टाकण्याआधी आपापली पूर्ण पाळी खेळायला मिळते. ही मर्यादा काढणारी ‘रेलिक्वरी टॉवर’ ही लँड आधी टेबलावर नसेल, तर माइंड्स अग्लो हातातच ठेवावे.