‘सिव्हिल लॉ’: दिवाणी की नागरी?

प्रश्न असा आला आहे: ‘रोमन सिव्हिल लॉच्या इतिहासावरच्या एका प्रकरणाचा अनुवाद करतोय. मी सगळीकडे “रोमन दिवाणी कायदा” लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून “नागरी कायदा” केलं. कोर्टात तर सगळे दिवाणीच म्हणतात, मग नागरी का? शिवाय त्याच प्रकरणात “सिव्हिलियन” लोक एकमेकांशी वाद घालत असतात. ते कोण?’

तपासणाऱ्या बाईंचं बरोबर आहे. इथे ‘दिवाणी’ लिहिलं की पुढचं प्रकरणच वाचकाला उलटं समजतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘सिव्हिल’ हा शब्द मराठीत आणताना आपण एकच प्रतिशब्द कधीच वापरलेला नाही. सिव्हिल इंजिनिअरिंग म्हणजे स्थापत्य, सिव्हिल सर्व्हिस म्हणजे मुलकी किंवा सनदी सेवा, सिव्हिल वॉर म्हणजे यादवी, सिव्हिल डिसओबीडियन्स म्हणजे सविनय कायदेभंग, विमानांच्या बाबतीत नागरी वाहतूक, आणि जिल्ह्याच्या गावचं सरकारी इस्पितळ मात्र थेट ‘सिव्हिल’. याला गोंधळ म्हणू नये. इंग्रजीतला हा शब्द त्याच्या विरुद्ध कोण उभं आहे यावर अर्थ बदलतो, आणि आपल्या आधीच्या लोकांनी तो विरोधी शब्द बघून मराठी शब्द निवडला. लष्करी नसलेलं ते मुलकी. फौजदारी नसलेलं ते दिवाणी. तेव्हा आपणही हाच प्रश्न विचारायचा: रोमन सिव्हिल लॉ कशाच्या विरुद्ध?

आधी ‘दिवाणी’चं घराणं बघू. दिवाण म्हणजे फारसीत मुळात नोंदवही, मग हिशेबाची कचेरी, मग त्या कचेरीचा मुख्य अधिकारी. मोगल सुभ्यात महसूल बघणारा तो दिवाण आणि बंदोबस्त बघणारा तो फौजदार. 1765 साली ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची ‘दिवाणी’ मिळाली, ती महसूल वसुलीची सनद होती. 1772 साली वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्याजिल्ह्यात दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत अशी जोडी बसवली. मुंबई इलाख्यातही 1862 साली उच्च न्यायालय येईपर्यंत सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालती होत्या. म्हणजे ‘दिवाणी’ हा शब्द जन्मापासून ‘फौजदारी’शी बांधलेला आहे. एक म्हटलं की दुसरा ऐकू येतोच.

रोमन कायद्यात हीच जोडी लागत नाही. लॅटिनमध्ये त्याला ‘युस किविले’ म्हणतात. ‘किविस’ म्हणजे नागरिक आणि युस किविले म्हणजे नागरिकांचा कायदा. इथे विरुद्ध उभा आहे तो परका माणूस, गुन्हा नव्हे. दुसऱ्या शतकातला गायुस हा कायदेशिक्षक आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगतो की प्रत्येक समाज स्वतःपुरता जो कायदा घालून घेतो तो त्याचा युस किविले, आणि सगळ्याच माणसांत नैसर्गिक बुद्धीने जो चालतो तो ‘युस गेन्तिउम’, म्हणजे सर्व लोकांचा कायदा.

हा फरक किती काटेकोर होता ते एका शब्दावरून कळतं, आणि शब्दचर्चेत तो शब्द सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. रोममध्ये तोंडी करार व्हायचा तो प्रश्नोत्तराने. घेणारा विचारायचा, ‘स्पोन्देस्ने?’, वचन देतोस का? देणारा म्हणायचा, ‘स्पोन्देओ’, देतो. झाला करार. कागद नको, सही नको. पण गायुस बजावतो की ‘स्पोन्देओ’ हे क्रियापद फक्त रोमन नागरिकाच्या तोंडी चालतं. परक्याला करार करायचा असेल तर त्याने ‘दाबिस्ने? दाबो’, म्हणजे देशील का, देईन, असं साधं बोलायचं. ते युस गेन्तिउममध्ये बसतं आणि तितकंच बंधनकारकही असतं. अर्थ तोच, पैसे तेच, पण एक क्रियापद नागरिकांसाठी राखून ठेवलेलं. ‘युस किविले’मधला ‘किविले’ म्हणजे काय याचं याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. आता इथे ‘दिवाणी’ घालून बघा. ‘स्पोन्देओ हा शब्द दिवाणी कायद्यातला आहे’ असं वाक्य होतं, खरं तर दाबो-वाला करारही आपल्या अर्थाने दिवाणीच आहे! भेदच पुसला जातो.

त्या जुन्या नागरी कायद्याचं मूळ म्हणजे इ. स. पू. 451–450 सालचे बारा तक्ते, रोमचे पहिले लेखी कायदे. रोमन वक्ता सिसेरो सांगतो की त्याच्या लहानपणी मुलं ते तोंडपाठ करायची. त्यातल्या शब्दांना किती धार होती याची गोष्टही गायुसनेच नोंदवली आहे. एकाच्या द्राक्षवेली कुणी तोडल्या. त्याने दावा लावला आणि दाव्यात ‘वितेस’ म्हणजे वेली असा शब्द उच्चारला. दावा बुडाला. कारण बारा तक्त्यांत तोडलेल्या ‘आर्बोरेस’बद्दल, झाडांबद्दल, लिहिलं होतं, आणि त्याने झाडं म्हणायला हवं होतं. वेली तोडल्याची भरपाई त्या कलमाखाली मिळत होती बरं का, फक्त शब्द कलमातलाच हवा होता.

खरेदीचंही तसंच. बैल, घोडा, खेचर, गाढव, गुलाम, इटलीतली जमीन या मोलाच्या वस्तू नुसत्या हातात देऊन नागरी कायद्याने आपल्या होत नसत. पाच प्रौढ रोमन नागरिक साक्षीला, सहावा काशाचा तराजू धरून उभा. घेणाऱ्याने वस्तूला हात लावून ‘ही माझी आहे’ असं ठरलेल्या शब्दांत म्हणायचं आणि धातूच्या तुकड्याने तराजूवर ठोकायचं. हे न करता कुणी बैल घेऊन गेला, तर त्याची स्थिती खरेदीखत न होता ताबा मिळालेल्या माणसासारखी व्हायची. कायद्याने मालक जुनाच. त्याच्या मदतीला यायचा तो प्रेटर, दरवर्षी निवडला जाणारा न्यायाधिकारी. तो नागरी कायदा बदलत नसे, पण विकणारा बैल परत मागायला आला तर घेणाऱ्याला संरक्षण द्यायचा. वर्षभर वहिवाट झाली की तो घेणारा पक्का मालक होई. (जमिनीला दोन वर्षं. बारा तक्त्यांची ही मुदत आपल्या बारा वर्षांच्या मानाने फारच थोडी.) म्हणून रोमन ग्रंथांत ‘नागरी कायदा’ आणि ‘प्रेटरचा कायदा’ अशी दुसरी जोडीही सापडते. पापिनियन या रोमन कायदेपंडिताने लिहिलंय की प्रेटरने जे आणलं ते नागरी कायद्याला मदत म्हणून, त्याची उणीव भरायला किंवा त्याची दुरुस्ती करायला. अनुवादात ही जोडी आली की पुन्हा ‘दिवाणी’ कोलमडतो, कारण प्रेटरचं सगळं काम आपल्या हिशेबी दिवाणीच.

आता चोरी. आपल्याकडे चोरी झाली की पोलीस, म्हणजे फौजदारी. रोममध्ये चोरी हा मुख्यतः ज्याचं गेलं त्याने लावायचा दावा होता. चोर रंगेहाथ सापडला तर चौपट, नंतर उघडकीला आलं तर दुप्पट दंड, आणि तो जायचा ज्याची चोरी झाली त्याच्या खिशात. चौपट दंड प्रेटरने आणलेला, पण चोरीचा दावा मुळात युस किविलेतलाच. ‘रोमन दिवाणी कायदा’ वाचणारा मराठी माणूस चोरी त्यात शोधणारच नाही. मनुस्मृतीतली अठरा व्यवहारपदं, म्हणजे दाव्यांचे प्रकार, आठवा: ऋणादान (कर्ज), निक्षेप (ठेव), सीमाविवाद आणि त्याच ओळीत स्तेय (चोरी), साहस (बळजबरी), दंडपारुष्य (मारहाण). धनमूल (पैशातून उपजणारे) आणि हिंसामूल (हिंसेतून उपजणारे) असा भेद पुढे बृहस्पती या स्मृतिकाराने केला, तरी नाव एकच, व्यवहार. फाळणी आधी आणि शब्द नंतर असं दिवाणी-फौजदारीत झालं, पण फाळणी नसलेल्या काळावर तो शब्द लादता येत नाही.

212 साली काराकाल्ला बादशहाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक केलं. परकेच उरले नाहीत, मग जुना विरोधही विरला. पण शब्द टिकला आणि त्याने नवे विरोधी शोधले. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने ट्रिबोनियन या कायदेपंडिताच्या हाताखाली मंडळ नेमून जुन्या पंडितांचे सुमारे 2000 ग्रंथ चाळून घेतले. त्यातून 533 साली निवडक उताऱ्यांचं 50 भागांचं ‘दिजेस्त’ झालं. तीस लाख ओळींवरून दीड लाखावर आणलं, असं बादशहा स्वतः सांगतो. त्याच साली ‘इन्स्तितुतिओनेस’ हे विद्यार्थ्यांचं पुस्तक आलं, आणि 534 साली फर्मानांचा सुधारलेला ‘कोडेक्स’. या सगळ्याला मिळून ‘कोर्पुस युरिस किविलिस’ हे नाव मात्र फार उशिरा रूढ झालं, 1583च्या छापील आवृत्तीवरून. या ‘किविलिस’मध्ये राजद्रोह आणि खूनही आहेत, दिजेस्तच्या 48व्या भागात. ‘दिवाणी कायद्याची संहिता’ असं भाषांतर केलंत तर त्यात खुनाची शिक्षा कशी, हे वाचकाला कोण समजावणार?

अकराव्या शतकाच्या शेवटी इटलीत बोलोन्याला इर्नेरियस दिजेस्त शिकवू लागला आणि युरोपभरचे विद्यार्थी तिथे गोळा झाले. गुरूने ओळीवर टीप लिहायची, शिष्याने टिपेवर टीप. तेराव्या शतकात अक्कुर्सियसने या टिपा एकत्र केल्या तेव्हा त्या 96 हजारांवर गेल्या. आपल्या टीकाग्रंथांच्या परंपरेतल्या माणसाला हे दृश्य परकं वाटू नये. या विद्यापीठांत ‘किविले’च्या विरुद्ध उभा होता ‘कॅनन’ म्हणजे चर्चचा कायदा. दोन्ही शिकलेला तो ‘उभय कायद्यांचा पंडित’. (एलएल.बी.मधला जोड-एल हाही लॅटिन अनेकवचनाचा: ‘कायद्यांचा’ पदवीधर.) 1219 साली पोपने पॅरिसमध्ये सिव्हिल लॉ शिकवायला बंदी केली. इथे दिवाणी लिहिलं तर पोप शेताच्या बांधाचे दावे शिकवू देत नव्हता, असा अर्थ होईल.

शेवटचा विरोध इंग्रजांच्या कॉमन लॉशी, म्हणजे न्यायाधीशांच्या निकालांतून वाढलेल्या कायद्याशी. फ्रान्सची 1804ची संहिता, जर्मनीची 1900 सालापासून लागू झालेली, आणि त्यांच्या मागोमागच्या इतर देशांच्या, या रोमन परंपरेतल्या. ‘सिव्हिल लॉ देश’ म्हणजे हे देश. इथे ‘नागरी कायद्याचे देश’ही फारसं अर्थवाही नाही, मी ‘रोमन परंपरेची कायदेपद्धती’ असं लिहीन. लांब आहे, पण चुकत नाही.

यातला एक धागा थेट आपल्या शेजारी येतो. 1867चा पोर्तुगीज ‘कोदिगु सिव्हिल’ 1 जुलै 1870 पासून गोव्यात लागू झाला आणि 1961 नंतरही तिथला कौटुंबिक आणि वारसा कायदा त्याच वळणाने चालत राहिला. मृत्युपत्र करणाऱ्याला अर्धी मालमत्ता हक्काच्या वारसांपासून तोडता येत नाही, त्या राखीव वाट्याला पोर्तुगीजमध्ये ‘लेजितिमा’ म्हणतात. तो शब्द आणि ती कल्पना, दोन्हींचं मूळ रोमन. वाटणीसाठी चालणारं ‘इन्व्हेन्टरी’चं काम गोव्यातल्या घराघराला माहीत आहे. वारसाने मालमत्तेची यादी केली तर मृताचं कर्ज त्या मालमत्तेपुरतंच त्याच्या अंगावर येईल, ही सवलत जस्टिनियनने 531 साली दिली होती, आणि त्या यादीला ‘इन्व्हेन्तारिउम’च म्हणत. 1880 साली गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींची जी संहिता निघाली तिच्या नावात त्यांना ‘जेन्तिओ’ म्हटलं होतं. हा शब्द ‘गेन्तिउम’च्याच कुळातला. रोममध्ये सर्व लोक, पुढे ख्रिस्ती नसलेले लोक. एकाच शब्दाचा हा प्रवास मला दर वेळी थांबवतो.

‘समान नागरी कायदा’ म्हणताना आपण ‘नागरी’ हाच शब्द घेतला, तेव्हा मराठी कानाला तो नवा नाही. तुमच्या प्रकरणात सर्वत्र ‘रोमन नागरी कायदा’ ठेवा. परक्यांचा उल्लेख असेल तिथे एकदा ‘नागरिकांचा कायदा’ असं उलगडून द्या. ‘दिवाणी’ फक्त आजच्या कोर्टाबद्दल बोलताना. ऑक्सफर्डच्या बी.सी.एल.लाही (बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ) ‘दिवाणी कायद्याची पदवी’ म्हणू नका. आठव्या हेन्रीने तिथे सिव्हिल लॉचं अध्यासन स्थापलं ते रोमन कायद्याचंच.

आणि ‘सिव्हिलियन’. लष्करात नसलेले ते बिगरलष्करी, जुन्या मराठी लिखाणातले सिव्हिलियन म्हणजे आय.सी.एस. साहेब, पण तुमच्या प्रकरणात वाद घालणारे हे दोन्ही नव्हेत. ते रोमन कायद्याचे पंडित, अक्कुर्सियसचे वारस. मी तिथे ‘रोमन कायद्याचे अभ्यासक’ लिहीन, आणि वाद फारच पेटला असेल तर ‘शास्त्री’.