मालवाहू विमान भरताना किंवा रिकामे करताना शेपटीवर बसू नये, यासाठी नेमके काय करतात? टेल स्टँड (शेपटीखालचा टेकू) लावला की पुरेसे नाही का?

टेल स्टँड आवश्यक आहे, पण त्याच्या भरवशावर माल हलवायचा नसतो. विमान सरळ उभे ठेवतो तो माल चढवण्या-उतरवण्याचा क्रम. लोड कंट्रोलच्या, म्हणजे विमानातल्या भाराची मांडणी ठरवण्याच्या, कामात माझे बहुतेक लक्ष याच क्रमावर असते.

विमानाचा जवळजवळ सगळा भार पंखांखालच्या मुख्य चाकांवर असतो आणि नाकाच्या चाकावर त्यातला थोडाच येतो. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे सरकला, की शेपटी खाली जाते. समजा, नाकाच्या चाकावर ४ टन भार आहे आणि ते मुख्य चाकांपासून १५ मीटर पुढे आहे, तर विमानाचे नाक खाली धरणारा आघूर्ण (भार गुणिले अंतर) ६० टन-मीटर होतो. आता मुख्य चाकांच्या मागे सरासरी १० मीटरवर दोन-दोन टनांचे तीन पॅलेट (माल बांधलेले सपाट तळ) ठेवले आणि पुढे काहीच ठेवले नाही, तर नाकाच्या चाकावर भारच उरत नाही. तीन पॅलेट म्हणजे काही फार मोठा माल नव्हे.

खरी अडचण दाराच्या जागेची आहे. ७३७ किंवा ७५७ च्या मालवाहू प्रकारांत मुख्य डेकचे (वरच्या मजल्याचे) दार पंखाच्या पुढे, डाव्या बाजूला असते. त्यामुळे भरताना पहिला पॅलेट रोलरवरून थेट शेपटीकडे जातो आणि उतरवताना पुढचा माल आधी निघून मागचा आतच राहतो, म्हणजे दोन्ही वेळा भार नको त्या टोकाला जमतो. म्हणून भरताना पुढची बेली (मुख्य डेकखालचा मालकक्ष) आधी भरावी आणि मागची मुख्य डेक भरत आल्यावर घ्यावी. उतरवताना मागची बेली आधी मोकळी करावी आणि पुढच्या बेलीला शेवटपर्यंत हात लावू नये. दारापुढे पॅलेटची जागा असेल, तर तिथला पॅलेटही शेवटीच काढावा. दारातला पॅलेट बाहेर गेला, की मागची रांग एकेक जागा पुढे घेऊन लॉक करावी. लॉक न केलेला पॅलेट उतारावर मागे घरंगळला, तर सगळा हिशेबच बिघडतो. माझ्या मते उतरवण्याची वेळ जास्त धोक्याची असते, कारण भरताना लोडशीटच्या (वजन आणि मांडणीच्या तक्त्याच्या) निमित्ताने प्रत्येकाचे लक्ष असते, उतरवताना मात्र सगळ्यांना घाई असते.

प्रवासी विमानालाही हाच नियम लागू आहे. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर जेटब्लूचे ए३२१ प्रवासी उतरत असताना शेपटीवर बसले होते. सोव्हिएत बनावटीच्या इल्युशिन-६२ ला तर जमिनीवर असताना शेपटीखाली उतरवायचा चाकांचा छोटा टेकूच मुळात दिलेला होता!

आता टेल स्टँडकडे येतो. माल चढतो तसे लँडिंग गिअरचे स्ट्रट (चाकांवरचे दबणारे खांब) दबतात आणि विमान खाली येते, त्यामुळे स्टँड ठरलेल्या जागीच आणि विमानाच्या पुस्तिकेत सांगितलेली फट ठेवूनच लावावा लागतो. ७४७ च्या मालवाहू प्रकारांत नोज टेदरही वापरतात. त्यात नाकाचे चाक पट्ट्याने अ‍ॅप्रनमधल्या (विमान उभे करण्याच्या जागेतल्या) कडीला बांधलेले असते. साधन कोणतेही असो, एका माणसाने नाकाच्या चाकाच्या स्ट्रटकडे सतत पाहत राहावे. त्याचा चकचकीत दांडा नेहमीपेक्षा जास्त बाहेर दिसू लागला, की हाय लोडर (माल दारापर्यंत उचलणारे यंत्र) थांबवावा, मागे काहीही पाठवू नये आणि वजन पुढे आणावे. इंधन भरतानाही लोड कंट्रोलला विचारावे, कारण पंख मागे वळलेले असतात आणि त्यांच्या टोकांकडच्या टाक्यांचा भार मागच्या बाजूला पडतो.

शेवटी स्टँड सहज निघत नसेल, तर हातोडा घेऊन त्याच्यामागे लागू नये. स्टँड अडकला आहे, याचा अर्थ विमान त्यावर टेकलेले असू शकते. अशा वेळी आधी पुढे वजन वाढवावे किंवा मागचे कमी करावे, स्ट्रट पुन्हा दबल्याचे पाहावे आणि मगच स्टँड काढावा.