जुन्या टी-शर्टांची आठवणीची गोधडी ठाण्यात घरी कशी शिवावी?

मुलाच्या शाळेचे आणि ठाणे वर्षा मॅरेथॉनचे टी-शर्ट जोडून गोधडी होईल का, असे आपण विचारले आहे. अवश्य होईल, मात्र होजिअरीचे कापड ताणले जाते, म्हणून धुतलेल्या टी-शर्टाच्या उलट बाजूस पातळ फ्यूजिंग (उष्णतेने चिकटणारे आधाराचे कापड) इस्त्रीने चिकटवावे आणि त्यानंतरच, छाप मधोमध धरून, 13 इंचांचे चौकोन कापावेत, म्हणजे अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेल्यावर 12 इंच उरतात. रबरी छापावर इस्त्री थेट टेकवू नये. तो वितळून चिकटतो. साध्या सुईने या कापडाला भोके पडतात, त्यामुळे मशीनला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, सुई लावावी. ठाण्याच्या दमट हवेत पॉलिएस्टरचे जाड भरण नकोच (पावसाळ्यात वाळवणार कुठे?), जुन्या सुती साडीचे अस्तर लावून हाताने धावदोरा घालणे मला अधिक योग्य वाटते.