गोचिडींचे बिऱ्हाड भिंतीत असते

पाळीव प्राण्यांचे आरोग्य : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

या महिन्यातील बहुतेक पत्रे कुत्र्यांवरील गोचिडींविषयी आहेत आणि त्यांतली जवळजवळ सगळी कोल्हापूर शहरातून व आसपासच्या गावांतून आली आहेत. ऊन आणि पाऊस आलटून पालटून पडू लागले की हा त्रास वाढतो, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. बऱ्याच पत्रांत घरगुती उपायांची विचारणा असल्यामुळे या वेळी उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांची लॅब्रॅडोर जातीची कुत्री आहे. गेले तीन महिने दर रविवारी आम्ही कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने तिला अंघोळ घालतो आणि नंतर खोबरेल तेलात कडुनिंबाचे तेल व कापूर मिसळून अंगाला चोळतो. त्या दिवशी गोचिडी कमी दिसतात. पण पुढच्या रविवारी पुन्हा पंधरा-वीस निघतात. आमचे घर जुने, दगडी जोत्याचे आणि लाकडी तुळयांचे आहे. आमचे काय चुकते आहे?
(एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : आपण कष्ट घेण्यात कमी पडलेला नाहीत, कष्टांची जागा चुकते आहे. घरात पाळलेल्या कुत्र्यावर जी तपकिरी गोचीड आपल्याला दिसते, ती आयुष्याचा फार थोडा काळ कुत्र्याच्या अंगावर काढते. अंड्यातून बाहेर पडलेले सहा पायांचे पिल्लू काही दिवस रक्त पिऊन खाली उतरते, फटीत जाऊन कात टाकते, आठ पायांचे होऊन पुन्हा कुत्र्यावर चढते, पुन्हा रक्त पिऊन उतरते, पुन्हा कात टाकते आणि पूर्ण वाढ झाल्यावर तिसऱ्यांदा चढते. शेवटी वाटाण्यासारखी टम्म फुगलेली मादी अंगावरून गळून पडते आणि एखाद्या आडोशाला हजारोंच्या संख्येने अंडी घालते. एका मादीची अंडी ४,००० पर्यंत भरू शकतात. उबदार हवेत हे सारे चक्र साधारण दोन महिन्यांत पूर्ण होते, आणि खायला काही न मिळाले तरी वाढलेली गोचीड कित्येक महिने उपाशी तग धरते. म्हणजे रविवारी आपल्याला दिसणाऱ्या पंधरा-वीस गोचिडी ही रांगेत पुढे आलेली मंडळी असतात. त्यांच्या मागची रांग भिंतीत असते.

या गोचिडीची एक सवय ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती वर चढते. म्हणून केवळ फरशी पुसून भागत नाही. आपल्या घरात तुळयांचे सांधे, दाराच्या चौकटीमागची फट, भिंतीवरच्या तसबिरींची मागची बाजू, पडद्यांच्या शिवणी आणि दगडी जोत्यातील निसटलेला दर्जा (दगडांच्या सांध्यांतला भराव) या जागा दिवसाउजेडी विजेरी घेऊन पाहा. कुत्री जिथे झोपते तिथून सुरुवात करावी, कारण रक्त पिऊन उतरलेली गोचीड सहसा फार लांब जात नाही. तिची गादी किंवा गोणपाट दर आठवड्याला उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. गोणपाट फार जुने झाले असेल तर ते सरळ जाळून टाकावे. भिंतीच्या फटी सिमेंटने किंवा चुन्याने बुजवाव्यात. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर कोपरे व फटी त्याने ओढून घ्याव्यात आणि आतली पिशवी लगेच घराबाहेर काढावी. हे काम एकदा करून थांबू नये. अंडी टप्प्याटप्प्याने फुटत राहतात, त्यामुळे निदान तीन महिने दर आठवड्याला ते केले तरच चक्र तुटते. मला विचाराल तर खरा घरगुती उपाय हाच आहे आणि त्याला पैसेही फार लागत नाहीत.

आता तेलाविषयी. कडुनिंबाच्या तेलात कीटकांना नकोसे वाटणारे घटक असतात हे खरे आहे, आणि पाण्यात उकळलेल्या पाल्याने अंघोळ घातल्यास सहसा अपाय होत नाही; परंतु त्याचा परिणाम थोडा आणि थोडा वेळ टिकणारा असतो. निर्भेळ तेल चोळल्यास त्वचेवर पुरळ येते, शिवाय कुत्री ते चाटते. कापूर मात्र आजपासून बंद करावा. तो त्वचेतून शरीरात शोषला जातो, चाटल्याने पोटात जातो आणि अधिक प्रमाणात गेल्यास कुत्र्याला झटके येऊ शकतात. आपल्या कुत्रीला अजून काही झाले नाही, याचा अर्थ तो निर्धोक आहे असा घेऊ नये.

घराची स्वच्छता चालू असतानाच तिच्या अंगावर वैद्यकीय औषधही हवे, कारण त्यामुळे चढणारी प्रत्येक गोचीड अंडी घालण्याआधीच मरते. मानेवर टाकायचे थेंब, औषधी पट्टा आणि पोटात द्यायच्या गोळ्या असे तीन प्रकार मिळतात. गोळ्यांपैकी काहींचा परिणाम महिनाभर, तर फ्लुरालॅनर या औषधाचा सुमारे १२ आठवडे टिकतो. पूर्वी झटके आलेल्या कुत्र्याला या गोळ्या जपून द्याव्या लागतात, म्हणून निवड आपल्या पशुवैद्यांवर सोपवावी. फिप्रोनिलचे थेंब निवडल्यास त्याआधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ घालू नये. रविवारची तेल-अंघोळ मध्ये आली तर औषध वाया जाईल.

प्रश्न : माझ्याकडे चार म्हशी आणि कारवान जातीचा एक कुत्रा आहे. गोठ्यात फवारायचे गोचिडीचे औषध उरले की तेच कुत्र्याच्या अंगावर मारतो. शेजारचे काका निपाणीकडची तंबाखू रात्रभर भिजवून तिचे पाणी लावायला सांगतात. दोन्हींपैकी चांगले काय? आणि कुत्र्याला गोचिडी म्हशींकडूनच येतात ना?
(एक शेतकरी वाचक, कागल तालुका)

उत्तर : दोन्ही नकोत. गुरांच्या औषधाची मात्रा गुरांच्या जाड कातडीचा आणि वजनाचा विचार करून ठरवलेली असते. पुन्हा गुरे अंग चाटतात त्याहून कितीतरी अधिक कुत्रा आपले अंग चाटतो. कारवानसारख्या सडपातळ, आखूड केसांच्या आणि अंगावर चरबी जवळजवळ नसलेल्या कुत्र्याला तर असे औषध लवकर बाधते. लाळ गळणे, अंग थरथरणे, तोल जाणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे आहेत. असे काही दिसले तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण वापरून अंग भरपूर धुवावे, ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा. बाटलीवरचे नाव वाचता आले तर उपचार लवकर सुरू होतो. घरात मांजर असेल तर अधिकच जपावे. परमेथ्रिन असलेले औषध मांजराच्या जिवावर बेतते, आणि औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेल्या मांजरालाही ते बाधू शकते.

तंबाखूचे पाणी हा जुना उपाय आहे. त्याने गोचीड मरतेही, पण ती निकोटिनच्या विषाने मरते, आणि तेच विष कुत्र्याच्या ओल्या त्वचेतून व जिभेवाटे त्याच्या शरीरात जाते. अशा पाण्यात निकोटिन किती उतरले हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे प्रमाण सांभाळणे शक्यच नसते. काका काळजीपोटीच सांगत आहेत; त्यांना हे समजावून सांगावे. सीताफळाच्या बियांच्या वाटणाबद्दलही हेच सांगतो, कारण ते डोळ्यांत गेले तर बुबुळाला गंभीर इजा होते, आणि कुत्रा पंजाने तोंड चोळतोच.

म्हशींबद्दलचा आपला समज पुष्कळांचा असतो. गुरांवर नेहमी आढळणारी एक गोचीड आपले तिन्ही टप्पे एकाच जनावराच्या अंगावर काढते आणि फक्त अंडी घालायला खाली उतरते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड वेगळी. तिला कुत्राच प्रिय असतो. गोठ्यात बांधलेल्या कुत्र्यावर अधूनमधून गुरांची गोचीड चढते हे खरे, तसेच उसाच्या फडातून आणि गवतातून हिंडताना इतर जातींच्याही चढतात. तथापि वर्षभर कायम असलेला त्रास म्हशींमुळे नसून कुत्र्याच्या बसण्याच्या जागेमुळे असतो. त्याची जागा गोठ्याच्या भिंतीपासून अलग, कोरडी आणि रोज झाडता येईल अशी करावी. शक्य असेल तर जमिनीपासून थोडी उंच लोखंडी बाज द्यावी, कारण लाकडी फळ्यांच्या खोबणी हे गोचिडींचे आवडते ठिकाण आहे.

प्रश्न : चिकटलेली गोचीड काढताना तिचे तोंड आत राहते. पेटती काडी किंवा रॉकेलचा बोळा लावला तर ती आपोआप सुटते, असे ऐकले आहे. हे योग्य आहे का?
(एक वाचिका, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : नाही. चटका बसलेली किंवा रॉकेलाने गुदमरलेली गोचीड पोटातला स्राव जखमेत ओकण्याचा धोका असतो, आणि रोगाचे जंतू त्याच स्रावातून जातात. शिवाय काडीने त्वचा भाजते आणि रॉकेलाने तिची आग होते. हातात मोजे घालून बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, फुगलेले पोट न दाबता गोचिडीला त्वचेच्या अगदी लगत धरावे आणि न पिळता, झटका न देता, सरळ वर एकसारखे ओढावे. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर तो टोकरू नये. तिथे बारीक गाठ येईल आणि शरीर काही दिवसांत तो तुकडा बाहेर टाकील. गाठ वाढली किंवा पू झाला तरच दाखवावे. काढलेली गोचीड बोटांनी चिरडू नये. स्पिरिट किंवा साबणाचे दाट पाणी असलेल्या बाटलीत टाकावी, मग हात धुवावेत.

तपासणी रोज करावी. कानांच्या पाळीच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत आणि शेपटीखाली बोटे फिरवून पाहावे; आखूड केसांवरची पिल्ले तिळाहूनही लहान असतात, त्यामुळे डोळ्यांपेक्षा बोटांना ती आधी कळतात.

प्रश्न : जेवणात लसूण घातल्यास गोचिडी चढत नाहीत, हे खरे का?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : घालू नये. लसूण आणि कांदा यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि गोचिडींनी आधीच रक्त शोषलेल्या कुत्र्याला हे मुळीच परवडत नाही.

प्रश्न : आमचा कुत्रा चार दिवस नीट जेवत नाही, अंग गरम लागते आणि काल नाकातून थोडे रक्त आले. मागच्या महिन्यात त्याच्या अंगावर भरपूर गोचिडी होत्या, पण आता एकही नाही. काही घरगुती काढा सांगावा. हा आजार मुलांना होईल का?
(एक वाचिका, कसबा बावडा, कोल्हापूर)

उत्तर : ताई, हे वाचताच कुत्र्याला दवाखान्यात न्यावे, काढ्यात वेळ घालवू नये. गोचीड निघून गेली तरी तिने सोडलेले जंतू रक्तात राहतात. एर्लिकिया या जंतूचा शिरकाव गोचीड चिकटल्यावर काही तासांतही होऊ शकतो आणि पुढे कित्येक आठवडे, कधी महिने, वरून काहीच दिसत नाही. त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून नाकातून रक्त येते, हिरड्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर तांबडे ठिपके उमटतात. बाबेसिया हा दुसरा परजीवी तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. त्यात हिरड्या पांढुरक्या पडतात आणि लघवी गडद चहासारखी होते. या दोन्ही रोगांची औषधे वेगळी असल्यामुळे रक्ततपासणी आवश्यक आहे. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावे लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला म्हणून गोळ्या थांबवल्या आणि दोन महिन्यांनी तोच कुत्रा उचलून आणावा लागला, असे माझ्या दवाखान्यात अनेकदा घडले आहे. प्रत्येक वेळी घरच्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिले आहे. तेव्हा गोळ्या पूर्ण द्याव्यात, आणि तोवर माणसांची कोणतीही वेदनाशामक गोळी घरून देऊ नये; आयबुप्रोफेनसारख्या गोळीने रक्तस्राव वाढतो.

कुत्र्याला कुरवाळल्याने हे रोग मुलांना होत नाहीत. मात्र तीच तपकिरी गोचीड क्वचित माणसालाही चावते आणि तिच्यामुळे इंडियन टिक टायफस नावाचा ताप येऊ शकतो. म्हणून मुलांना कुत्र्याच्या गादीवर झोपू देऊ नये, आणि गोचीड काढण्याचे काम त्यांच्याकडे सोपवू नये. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मुलाला ताप आला, डोके दुखू लागले किंवा तळहात-तळपायांसह अंगावर पुरळ उठले, तर डॉक्टरांना घरात गोचिडी होत्या हे आपण होऊन सांगावे, कारण त्यांनी विचारले नाही तर हा धागा सुटून जातो.